घराण्यातला क्षय
(प्रस्तावना)

“साब, यह हमारे खून में है क्या?”

डही तहसिलीतल्या एका फलियातून आलेल्या माणसानं हे विचारलं, तेव्हा त्याच्या छातीचा एक्स-रे माझ्या हातात होता. खिडकीच्या काचेला लावून मी तो बघत होतो. याचा बाप खोकून खोकून गेला, मग थोरला भाऊ गेला, आणि दोघांच्याही कागदांवर ‘टीबी’ लिहिलेलं. आता याचं वजन उतरत चाललेलं, चार पावलं चढ चढला की धाप लागायची. बरोबर धाकटा भाऊ आलेला, असेल अठरा-एकोणीसचा, दाराच्या चौकटीला टेकून उभा. त्याच्याकडे न बघताच हा मला विचारत होता, पण प्रश्न त्याच्यासाठीच होता, हे कळत होतं.

मी घाईत ‘नाही’ म्हणालो. बाहेर रांग होती. ते उत्तर चूक नव्हतं, पण पुरतं बरोबरही नव्हतं. नुसतं ‘हो’ म्हणालो असतो तर मात्र फार मोठी चूक झाली असती. क्षय आणि आनुवंशिकता यांचं नातं या दोन शब्दांत मावत नाही. ते नीट, सावकाश, मराठीत सांगावं, म्हणून हे पुस्तक लिहिलं.

डही धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे. एका अंगाला अलिराजपूर, खाली नर्मदा, पलीकडे बडवानी. कुक्षी मागे पडलं की टेकड्या लागतात आणि गाव म्हणून आपण जे बघत आलो ते दिसेनासं होतं. घर ज्याच्या त्याच्या शेतात, टेकाडावर, एकेकटं. अशा दहा-वीस घरांचा मिळून एक फलिया. वस्ती भिल्ल आणि भिलाला. शेतात मका, ज्वारी, थोडा कापूस. पीक घरात आलं की गुजरातची वाट. क्षय म्हणजे चाळींचा, गर्दीचा आजार असं आपण ऐकत आलो. इथं तर दोन घरांमध्ये अख्खं शेत असतं. पण घरात शिरा. खोली एकच, चूल तिच्यातच, हिवाळ्यात दार लावलेलं, माणसं सहा-सात, कधी एखादी बकरीही. क्षयाला गर्दी लागते ती रस्त्यावरची नाही, रात्रीच्या श्वासांची.

पवारांच्या राज्यापासून धारला मराठी घरं आहेत, देवासलाही. माझं आजोळ त्यांतलंच. ‘खून में है क्या’ हा प्रश्न डहीच्या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला, असं मात्र नाही. तो आमच्या माजघरातला जुना प्रश्न होता. आजीच्या धाकट्या बहिणीची सोयरीक ठरत आलेली मोडली, कारण तिचा एक काका ‘छातीच्या दुखण्यानं’ गेला होता. आजाराचं नाव घरात कुणी घेत नसे. घेतलं की तो उंबरा ओलांडून आत येईल, अशी भीती. स्थळ बघताना लोक पत्रिकेआधी कुळात क्षय आहे का, याची कानोकानी चौकशी करत. घराण्यात क्षय असणं म्हणजे घराण्याच्या रक्तात खोट असणं. आजीची ती बहीण पुढे ऐंशी वर्षं जगली, कधी खोकलीसुद्धा नाही. पण तिचं लग्न झालं ते खूप उशिरा, आणि तिच्या मनाविरुद्ध.

हा समज आपल्याकडच्या अडाणीपणातून आला असं कुणी म्हणेल, तर ते खरं नाही. एकोणिसाव्या शतकात उत्तर युरोपातले मोठमोठे डॉक्टर हेच शिकवत होते. क्षय एकाच घरात पुन्हा पुन्हा दिसतो, तेव्हा तो वारशानं येतो, हे त्यांना उघड वाटे. फ्रान्समध्ये व्हिलेमाँ या लष्करी डॉक्टरनं १८६५ मध्ये रुग्णाच्या शरीरातला अंश सशांना टोचून तो आजार सशांत उतरवून दाखवला, तरी फारसं कुणी मानलं नाही. २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी जंतूच डोळ्यांसमोर ठेवला, तेव्हा कुठे बाजू पालटली. आणि पालटली ती थेट दुसऱ्या टोकाला. जंतू आहे, मग रक्ताचा काय संबंध?

तरीही संबंधाचा प्रश्न मिटला नाही. १९०७ मध्ये संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी आरोग्यधामातल्या रुग्णांची आकडेवारी मांडून क्षयाची प्रवृत्ती वारशानं उतरते, असा निष्कर्ष काढला. पिअर्सन सुप्रजननाचे पुरस्कर्ते होते. अशा घरांनी मुलं जन्माला घालावीत की नाही, इथपर्यंत त्या विचाराची मजल जात होती. आजीच्या बहिणीची सोयरीक मोडणाऱ्यांनी पिअर्सनचं नावही ऐकलेलं नव्हतं, पण दोघांचा तर्क एकच होता. बापाला झाला, मुलाला झाला, म्हणजे रक्तातून आला. बाप आणि मुलगा एकाच खोलीत झोपतात, ही गोष्ट त्या तर्कात कुठेच नव्हती.

मग आनुवंशिकता खोटीच का? नाही, आणि इथंच माझं ‘नाही’ अपुरं पडलं.

आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय क्षयरोग प्रादुर्भाव सर्वेक्षण झालं. पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांच्या शरीरात क्षयाच्या जंतूची बाधा होऊन गेल्याच्या खुणा त्यात सापडल्या. म्हणजे आपल्या बसमधल्या दर तिसऱ्या माणसाच्या शरीराची या जंतूशी कधी ना कधी गाठ पडलेली आहे. पण बाधा झालेल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणच आयुष्यात कधीतरी क्षयानं आजारी पडतात. बाकीचे नव्वद-पंचाण्णव जण जंतूला छातीत कोंडून ठेवतात, आणि त्यांतल्या अनेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. हा आजार जितक्यांना होतो त्याहून कितीतरी अधिक जणांना का होत नाही, या प्रश्नापाशी मी वर्षानुवर्षं अडलो आहे.

फुप्फुसातल्या श्वासनलिकांच्या टोकाला हवेच्या पिशव्या असतात. तिथं उतरलेला जंतू भक्षक पेशी गिळून टाकते. दुसरा कुठला जंतू असता तर तिच्या पोटात विरघळून गेला असता. हा विरघळत नाही, तिथंच मुक्काम ठोकतो. मग ती पेशी मदत मागते. इंटरल्यूकिन-१२ नावाचं रसायन हा तिचा निरोप. निरोप टी-पेशींना पोचतो आणि त्या इंटरफेरॉन-गॅमा हे दुसरं रसायन सोडून उत्तर देतात. ते उत्तर भक्षक पेशीच्या अंगावरच्या ठरावीक जागी चिकटलं की तिला पोटातला जंतू मारायचं बळ येतं. जे जंतू मरत नाहीत त्यांच्याभोवती पेशींची तटबंदी उभी राहते, छोटी गाठ तयार होते. निरोप, उत्तर, उत्तर झेलणारी जागा, तटबंदीची वीट न् वीट, यांतली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या जनुकाच्या आराखड्यावरून बनते. आराखडा माणसागणिक थोडा वेगळा. मग कुणाची तटबंदी पक्की आणि कुणाची कच्ची असणार, हे उघड आहे.

याचा सर्वांत भयंकर दाखला जर्मनीतल्या ल्यूबेक शहरात मिळाला. तिथं १९२९-३० मध्ये २५१ नवजात बाळांना तोंडावाटे बीसीजी लस दिली गेली, आणि त्या लशीत चुकून क्षयाचे खरे, जिवंत, घातक जंतू मिसळलेले होते. ७२ बाळं दगावली. १७३ बाळांमध्ये आजाराची चिन्हं दिसली, पण ती वाचली. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. जी वाचली ती आपल्या शरीराच्या बळावर. आनुवंशिकतेवरच्या पुस्तकांत ही गोष्ट नेहमी पहिल्या पानावर येते: एकच शहर, एकच लस, तरी कुणी मेलं आणि कुणी जगलं. मीही ती अशीच शिकलो, अशीच शिकवली. पुढे त्या काळच्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा लशीच्या सगळ्या कुप्या सारख्या दूषित नव्हत्या, असं दिसलं. काहींत जंतू फार, काहींत कमी; आणि जिथं जंतू फार तिथं मृत्यूही जास्त. मात्र खूप जंतू पोटात जाऊनही तगलेली बाळं होतीच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीच्या नादात दुसरी सोडून देऊ नये, अशी माझी वाचकाला विनंती आहे.

जुळ्यांच्या अभ्यासाचंही तसंच झालं. ब्रिटनमध्ये प्रॉफिट सर्वेक्षण नावाचा मोठा अभ्यास झाला. एकाला क्षय झाला तर दुसऱ्यालाही होतो का, हे त्यात तपासलं. एकाच बीजापासून झालेल्या, हुबेहूब जुळ्यांत हे प्रमाण सुमारे ३२ टक्के निघालं, आणि दोन बीजांच्या जुळ्यांत सुमारे १४ टक्के. जॉर्ज कॉमस्टॉक यांनी १९७८ मध्ये हेच आकडे पुन्हा तपासले आणि वारशाचा हात आहे, असं सांगितलं. २००७ मध्ये नेदरलंड्सच्या संशोधकांनी तेच आकडे तिसऱ्यांदा उघडले. जुळी एकत्र राहत होती का, रुग्णाची थुंकी किती संसर्गजन्य होती, हे सगळं हिशेबात धरलं आणि म्हटलं, परिस्थितीचं पारडं वारशाहून जड आहे. आकडे तेच, जुळी तीच. बदलला तो प्रश्न विचारायचा क्रम.

वारशाचा पुरावा सर्वांत लख्ख दिसतो तो अगदी विरळा कुटुंबांत. काही मुलांना बीसीजीची साधी लसच बाधते, किंवा मातीत-पाण्यात असणारे, एरवी निरुपद्रवी असलेले क्षयजंतूंचे भाऊबंद जीव घेतात. १९९६ मध्ये माल्टातल्या एकमेकांच्या नात्यातल्या अशा मुलांत आणि ट्युनिशियातल्या एका बाळात कारण सापडलं. इंटरफेरॉन-गॅमा झेलणारी जागाच त्यांच्या पेशींवर धड नव्हती. उत्तर येत होतं, पण ते घेणारं कुणी नव्हतं. तेव्हापासून त्या एका साखळीतले अनेक जनुकदोष ओळखले गेले आहेत. जवळच्या नात्यात लग्नं होतात तिथं ते जास्त दिसतात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची चाल ज्या घरांत आहे, तिथल्या डॉक्टरांनी हे ध्यानात ठेवावं. बीसीजीनंतर बाळाच्या काखेतली गाठ फुटून आजार सगळ्या अंगात पसरला, तर नुसतं औषध देऊन थांबू नये, बाळाच्या भावंडांचीही विचारपूस करावी.

टीवायके-२ नावाचं एक जनुक आहे. त्याच्यातला एक विशिष्ट बदल आई आणि बाप दोघांकडून आला तर क्षयाचा धोका वाढतो, हे २०१८ मध्ये दाखवलं गेलं. युरोपीय वंशाच्या साधारण सहाशे माणसांत एकाकडे अशी जोडी असते. पुढे हजारभर प्राचीन माणसांच्या हाडांतला डीएनए वाचला गेला, तेव्हा गेल्या दोनेक हजार वर्षांत युरोपात हा बदल झपाट्यानं कमी होत गेल्याचं दिसलं. ज्यांच्याकडे तो होता त्यांना क्षयानं उचललं, बाकीचे उरले. कुठल्याही बखरीत न लिहिलेली ही साथ हाडांत लिहून ठेवलेली होती. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

आपल्या देशात दिल्लीच्या एम्समध्ये आणि मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्रात एचएलए नावाच्या जनुकसमूहावर अनेक वर्षं काम झालं. आतल्या शत्रूचा तुकडा बाहेर दाखवून टी-पेशींना ओळख पटवायची, हे त्या जनुकांचं काम. त्यांतला डीआर-२ हा प्रकार भारतीय क्षयरुग्णांत जास्त आढळला. गांबियात १९९८ मध्ये भक्षक पेशीतल्या एनरॅम्प-१ या जनुकाचा संबंध दिसला. पुढे संपूर्ण जनुकसंच चाळणारे मोठे अभ्यास झाले. एका देशात जे सापडलं ते दुसऱ्या देशात बहुधा हाती लागलं नाही. सामान्य माणसाच्या बाबतीत एकच एक ‘क्षयाचं जनुक’ नाही. आहेत ते अनेक लहान लहान फरक, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर.

मद्रासची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथं १९५६ मध्ये क्षयरोग उपचार केंद्र सुरू झालं. त्याच केंद्रानं १९५९ मध्ये दाखवून दिलं की एका खोलीत राहणारा, अर्धपोटी रुग्ण घरीच औषध घेऊन आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो, आणि त्याच्या घरच्यांना त्यामुळे जास्त धोका होत नाही. जगभरची आरोग्यधामं पुढे ओस पडली, त्यामागे या अभ्यासाचा मोठा हात होता. याच केंद्रात आयसोनियाझिड या गोळीचा अभ्यास करताना वारसा पुन्हा पुढे आला. काहींचं शरीर ही गोळी चटकन निकामी करतं, काहींचं हळूहळू, आणि हे जन्मजात ठरलेलं असतं. दक्षिणेतल्या रुग्णांत हळूहळू करणारे सुमारे ६० टक्के निघाले. आठवड्यातून एकदाच डोस दिला की चटकन निकामी करणाऱ्यांना औषध कमी पडायचं. रोज दिला की हा फरक उरतच नसे. जनुकांचा फरक खरा होता. औषधाची वेळ बदलल्यावर तो निष्प्रभ झाला. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमानं आठवड्यातून तीनदाची पद्धत सोडून रोजचा डोस सुरू केला तो २०१७ च्या सुमारास.

आता पुन्हा मध्य प्रदेशात येऊ, कारण हा प्रश्न इथं सर्वांत नाजूक होतो. राज्यातल्या आदिवासींमध्ये फुप्फुसाच्या क्षयाचं प्रमाण लाखात ३८७ असल्याचं जबलपूरच्या आयसीएमआर केंद्रानं २००९ मध्ये प्रसिद्ध केलं. पाठोपाठ शिवपुरी-ग्वाल्हेरच्या पट्ट्यातल्या श्योपूर जिल्ह्याचा आकडा आला. तिथल्या सहरिया लोकांत हेच प्रमाण लाखात १५१८ होतं. चौपट! शेजारीपाजारी राहणाऱ्या दुसऱ्या समाजांत इतकं नाही. साहजिकच सहरियांच्या जनुकांकडे लक्ष गेलं आणि ग्वाल्हेरच्या जिवाजी विद्यापीठात त्यावर काम झालं. ते काम व्हायलाच हवं होतं, मी त्याचा आदर करतो. पण बातम्यांतून ते लोकांपर्यंत पोचतं तेव्हा त्याचं ‘सहरियांच्या रक्तातच क्षय आहे’ असं होतं. सहरिया हा राज्यातल्या सर्वांत उपाशी समाजांपैकी एक आहे. त्यांची हाडं दिसतात. पुरुष दगडखाणीत राबतात, विडी ओढतात. भूक, दगड आणि धूर यांचा हिशेब पुरता झाल्याखेरीज उरलेलं सगळं रक्ताच्या खात्यावर टाकणं हा त्या माणसांवर अन्याय आहे.

डहीच्या भागात या गोंधळाला आणखी एक कारण आहे. इथल्या भिल्ल-भिलालांमध्ये सिकलसेल खरोखर रक्तातून येतो. हिमोग्लोबिनच्या साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाच्या ऐवजी व्हॅलीन बसतं. एवढ्याशा बदलानं तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकडी होते. आई-बाप दोघांकडून हा बदल आला तर मूल आयुष्यभर वेदना सोसतं. एकाकडूनच आला तर उलट हिवतापापासून काहीसं संरक्षण मिळतं. १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन यांनी हे आफ्रिकेत दाखवलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये अलिराजपूर आणि झाबुआपासून तपासणी सुरू झाली, आणि जुलै २०२३ मध्ये शहडोलहून राष्ट्रीय मोहीम. आता घराघरांत सिकलसेलची कार्डं आहेत, लग्नाआधी ती ताडून पाहायला सांगितलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण ज्याच्या हातात एका आजाराचं कार्ड आहे, तो दुसऱ्या आजाराचंही कार्ड असणार असं समजतो. क्षयाचं असं कार्ड निघणार नाही. तो जनुकातल्या एकाच बदलाचा आजार नाही. कुणी विकायला आणलं तर घेऊ नये.

आता तो एक्स-रे. आधी मी त्यात क्षय शोधत होतो, आणि क्षय होताही. थुंकीत जंतू सापडले. पण वरच्या भागात दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले बारीक गोल ठिपके होते, कुणी बाजरी उधळावी तसे. आणि फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या गाठींना कडेकडेनं चुन्याचं अंड्यासारखं पातळ कवच. असं कवच दिसलं की माणसाला एकच प्रश्न विचारायचा असतो.

“गोध्राला होतास?”

होता. तीन वर्षं. बापही, थोरला भाऊही, तिघं एकाच कारखान्यात. गारगोटी दळून काचेसाठी पीठ करायचं काम. पोती भरायची, तोंडाला फडकं. पीठ इतकं बारीक की रात्री भाकरीवर दाताखाली कचकचे. ते छातीत गेलं की भक्षक पेशी ते गिळते आणि त्यानंच मरते. जी पेशी क्षयाचा जंतू कोंडून ठेवणार, तिचंच काम तमाम. असा सिलिकोसिस, म्हणजे गारगोटीच्या धुळीचा आजार, झालेल्या माणसाला क्षय होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. तिथं कुठलं जनुक काय करणार?

अलिराजपूर, झाबुआ आणि धार जिल्ह्यांतले शेकडो आदिवासी मजूर गोध्रा-बालासिनोरच्या त्या धुळीतून असेच परतले. अनेकांच्या कागदांवर केवळ टीबी लिहिलं गेलं. टीबी म्हटलं की औषध सरकारचं आणि आजार नशिबाचा. सिलिकोसिस म्हटलं की कुणाला तरी जबाब द्यावा लागतो. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१० मध्ये भरपाईची शिफारस केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे २०१६ मध्ये न्यायालयानं २३८ मृत मजुरांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. ज्यांच्या कागदावर फक्त टीबी होतं, त्यांना हा लढा दारापर्यंतही नेता आला नाही. ‘खून में है क्या’ या प्रश्नाला चुकून ‘हो’ म्हटलं तर काय होतं, ते मला या फलियांमध्ये फिरताना कळलं. बापलेकांना एकच आजार झाला, कारण बापलेकांनी एकाच चक्कीवर पोती भरली. घरासारखा धंदाही वारशानं येतो.

जनुकांचा वाटा किती, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही, हे मला इथंच उमगलं. तो वाटा परिस्थितीगणिक बदलतो. जिथं सगळे पोटभर जेवतात, सारखी हवा घेतात, तिथं उरलेला फरक शरीरातला असतो आणि जनुकं ठळक दिसतात. थोरले माधवराव पेशवे क्षयानं थेऊरला गेले, १८ नोव्हेंबर १७७२ ला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. त्यांच्या ताटात काही कमी नव्हतं, चक्कीवर ते कधी बसले नव्हते. अनेक मोहिमांचा शीण होता, हे खरं. तरी अशा माणसाच्या बाबतीत शरीराच्या जडणघडणीचा प्रश्न मी मनापासून विचारीन. डहीच्या मजुराच्या बाबतीत तो प्रश्न शेवटचा असेल. आधी त्याची चक्की, त्याचं ताट, त्याची खोली, मग त्याची जनुकं.

ताटाबद्दल आता पुरावाही भक्कम आहे. झारखंडमध्ये अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या चमूनं ‘राशन्स’ नावाचा अभ्यास केला, २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरचे १०,३४५ जण. निम्म्या घरांतल्या लोकांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ जास्त दिली. त्या घरांत नवे क्षयरुग्ण ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी झाले. जनुकं त्यांची तीच होती. तांदूळ आणि डाळीनं एवढं केलं. रुग्णाला पोषणासाठी मिळणारी रक्कम महिन्याला पाचशेवरून हजारावर गेली ती २०२४ च्या अखेरीस. पण घरच्यांच्या ताटाचं काय, हा प्रश्न अजून उभाच आहे, आणि ‘राशन्स’नं नेमकं त्याच ताटाबद्दल सांगितलं होतं.

म्हणून या पुस्तकात जनुकांवरची प्रकरणं मोठी आहेत, तरी ती मध्ये आहेत, सुरुवातीला नाहीत. आधी हवा, धूळ आणि अन्न. मग शरीरातली तटबंदी. मग तिचे आराखडे. वाचकानं उडी मारून मधलीच प्रकरणं वाचू नयेत, एवढीच इच्छा. संशोधकांच्या कामाबद्दल मला कुतूहल आहे, प्रेम आहे. भविष्यात नवी लस निघेल, औषधाचा डोस माणसागणिक ठरवता येईल, तर ती याच वाटेनं. पण माणसाचं जनुक आणि माणसाची जात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी प्रत्येक प्रकरणात पुन्हा पुन्हा लिहिलं आहे. संपादकांनी त्यातली काही वाक्यं गाळायला सुचवली. मी गाळली नाहीत.

त्या दिवशी दाराशी उभ्या असलेल्या धाकट्याचीही तपासणी केली. वजन एक्केचाळीस किलो. थुंकीत जंतू नाही, एक्स-रे स्वच्छ. घरात रुग्ण होता म्हणून त्याला प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या. तो गोध्राला कधी गेला नव्हता, मधल्या भावानंच, माझ्या रुग्णानं, जाऊ दिलं नव्हतं. मग कळलं की त्याचं लग्न ठरत आलं होतं आणि मुलीकडच्यांनी विचारलं होतं, या घरातली माणसं अशी का मरतात. प्रश्न तिथून निघाला होता. मी मुलीच्या बापाला बोलावून घेतलं. एक्स-रे काचेला लावून त्याला दोन्ही दाखवले, मधल्याचा आणि धाकट्याचा, आणि गारगोटीची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ मधल्याच्या एक्स-रेसमोर उभा राहिला. मग म्हणाला, त्याचा मेहुणाही गोध्राला होता.

लग्न आखातीजला झालं. मला बोलावणं होतं, मी गेलो. मधल्याच्या थुंकीतला जंतू तोवर गेला होता, पण पीठ छातीतून जात नाही. धाकट्याला हळद लावत होते तेव्हा मधला अंगणात खाटेवर दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसला होता. ढोल सुरू झाला तसा उठला, चार पावलं चालला, आणि परत बसला.